गुलाल बसल्यानंतरचा डोंगर

जोतिबाचा फोटो म्हटलं की तो गुलाबीच असणार, हे आपण धरूनच चालतो. चैत्र पौर्णिमेची दुपार, आभाळात घुसलेल्या सासनकाठ्या, हलगीचा कडकडाट, आणि देवळाच्या शिखरापासून माणसांच्या पापण्यांपर्यंत सगळीकडे बसलेला गुलाल. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर हेच चित्र असतं. वर्षानुवर्षं असतं आणि असावंही. माझी तक्रार एवढीच, की त्या एका दुपारीपायी डोंगराचे बाकीचे दिवस कुणी धड पाहिलेलेच नाहीत. कोल्हापुरातल्या कुठल्याही घरातला जुना अल्बम उघडा. जोतिबाचा फोटो निघणारच. जावळ काढलेलं रडकं पोर असेल, मुंडावळ्या सुटल्या-न सुटल्या तोच दर्शनाला आणलेलं नवं जोडपं असेल, कपाळभर गुलाल लावून ओळीनं उभे राहिलेले पाहुणे असतील. मागे पायरी दिसेल, फार तर दीपमाळेचा अर्धा खांब. डोंगर कुठेच नसतो.

या संग्रहात डोंगर आहे. इथली छायाचित्रं एका माणसाची नाहीत. कुणी डोंगराखालच्या गावातला शेतकरी आहे, कुणी रविवार चुकवत नाही असा शहरातला नोकरदार, कुणी वरच पेढ्याचं दुकान चालवणारा, काही कॉलेजातली मुलं. बरीचशी चित्रं मोबाइलवर घेतलेली आहेत, थोडी मोठ्या कॅमेऱ्यावर. कुठलं कशावरचं, हे चित्रांखाली लिहिलेलं नाही ते बरंच झालं. त्याऐवजी प्रत्येक चित्राखाली महिना, तिथी आणि जागा दिली आहे. पुस्तक वैशाखापासून सुरू होतं आणि चैत्राला संपतं. म्हणजे वाचक गुलालापर्यंत पोचतो तो अकरा महिन्यांचा डोंगर चढून. ही मांडणी मला या संग्रहातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

जागेविषयी थोडं सांगायला हवं. कोल्हापूरच्या वायव्येला सतरा-अठरा किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात हा डोंगर आहे. वरच्या गावाचं कागदोपत्री नाव वाडी रत्नागिरी. कोकणातल्या रत्नागिरीशी त्याचा काही संबंध नाही, तरी बाहेरगावचा एखादा भाविक अजूनही चुकतो. उंची समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या थोडी वर, खालच्या रानापासून हजारेक फूट. सह्याद्रीतून निघून पन्हाळ्याकडे आणि पुढे कृष्णेच्या दिशेनं जी रांग उतरत येते तिचाच हा सुटा पडलेला तुकडा, माथा कापलेल्या शंकूच्या आकाराचा. दक्षिणेच्या अंगाला कासारी आणि तिच्यापुढे पंचगंगा, उत्तरेला वारणा. एकीचं पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळतं, दुसरीचं सांगलीजवळ हरिपूरला. पश्चिमेला पन्हाळा आणि पावनगड आडवे पसरलेले, आग्नेयेला कोल्हापूर शहर, पूर्वेला उतरत गेलेला सपाट मुलूख. घाटमाथ्याचा ओला पट्टा आणि पूर्वेचा कोरडा पट्टा यांच्या सांध्यावर आपण उभे असतो. गगनबावडा कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरच आहे, पण तिथला पाऊस शहराच्या कितीतरी पट. त्यामुळे जोतिबावरून ऋतू नुसता आलेला दिसत नाही, तो येताना दिसतो. पश्चिमेला पन्हाळा पुसला गेला की साधारण किती वेळात आपण भिजणार, हे वरचे दुकानदार न चुकता सांगतात.

शहरात बागा नाहीत असं नाही. टाउन हॉलच्या आवारातली जुनी झाडं, रंकाळ्याकडचं पद्माराजे उद्यान, महावीर उद्यान. सकाळी फिरणाऱ्यांची तिथे गर्दी असते आणि फोटो काढणाऱ्यांचीही. या बागा मला प्रिय आहेत. पण बागेत माळी असतो आणि ऋतूला थोपवून धरणं हेच त्याचं काम असतं. एप्रिलमध्ये हिरवळ हिरवी राहिली पाहिजे, पडलेलं पान उजाडायच्या आत झाडून निघालं पाहिजे, एक फुलझाड संपलं की त्या वाफ्यात दुसरं लागलं पाहिजे. डोंगराला कुणी पाणी घालत नाही. तो वाळतो तेव्हा पुरता वाळतो आणि फुटतो तेव्हा आठवडाभरात फुटतो. ऋतूंचा फोटो काढायला शिकायचं असेल तर बागेपेक्षा डोंगर बरा, असं माझं मत या संग्रहानं पक्कं केलं.

शिवाय या डोंगराला स्वतःचं पंचांग आहे, आणि ते शेतीच्या अंगानं चालतं. रब्बी निघाली, खळी झाली, हातात चार पैसे आणि चार दिवस आले की चैत्राची यात्रा. पाऊस स्थिरावला की श्रावण षष्ठी. खरिपाचं पीक उभं असताना नवरात्र. थंडी उतरायला लागली की माघातले खेटे. देवाचे दिवस आणि रानाचे दिवस एकमेकांना धरून आहेत, म्हणून इथे ‘निसर्गाचे फोटो’ आणि ‘यात्रेचे फोटो’ अशी वाटणी करून चालत नाही. संपादकांनी ती केलेली नाही.

वैशाखातली पहिली काही पानं पाहा. यात्रा संपली, पाकाळणीचे रविवार झाले, देवळं धुऊन निघाली, तरी गुलाल सगळा जात नाही. सध्याचं जोतिबाचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं, शेजारचं केदारेश्वराचं दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हे कुलदैवत. दोन्हींचा दगड इथलाच, काळा बसाल्ट. त्या दगडाच्या छिद्रांत, कोरीव कामाच्या खाचांत, फरशीच्या सांध्यांत गुलाल बसून राहतो. मग एखाद्या दुपारी वळीव येतो. संग्रहात त्याचं एक चित्र आहे: आवारातून उतरणाऱ्या पायऱ्या, त्यांवरून खाली येणारं गुलाबी पाणी, आणि त्यात पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चढणारी एक म्हातारी. पाणी वरच्या पायरीवर गडद आहे, खालच्या पायऱ्यांवर फिकट होत गेलंय. यात्रेचं याहून चांगलं चित्र मी पाहिलेलं नाही, आणि त्यात यात्रेतलं एकही माणूस नाही.

या चित्राची जोडी भाद्रपदात सापडते. जागा तीच असावी. दोन दगडांमधला सांधा अगदी जवळून घेतलाय. सांध्यात गुलालाची उरलेली ओली रेघ, तिला लागून नखाएवढं शेवाळ, शेवाळातून वर आलेलं नेच्याचं एक कोवळं पान. पानाच्या टोकाला थेंब लोंबतोय आणि त्या थेंबात खालचा गुलाबी रंग उलटा उतरलाय. चैत्र आणि भाद्रपद बोटभर जागेत. अशा चित्राला डोंगर चढायचीही गरज नव्हती, देवळाच्या दारातच गुडघे टेकायचे होते. पण ते करायला पावसात थांबणारा माणूस लागतो.

पावसाची पानं सर्वांत जास्त आहेत, आणि मला त्याची हरकत नाही. आषाढात डोंगर दिसतच नाही, हेच त्याचं दर्शन. धुकं इतकं खाली बसतं की शिखराचा कळस गेलेला असतो, मग दीपमाळा जातात, मग समोरची पायरीही नाहीशी होते. घंटा ऐकू येते, ‘चांगभलं’ ऐकू येतं, कुठून ते कळत नाही. अशा दिवसांत कॅमेरा हमखास फसतो. समोर सगळं पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला. तो आपणहून उजेड कापतो आणि धुकं करडं, मळकट उमटतं. उपाय साधा आहे. उजेड हातानं वाढवायचा. मोबाइलवर पडद्याला बोट लावलं की जी सूर्याची खूण येते ती थोडी वर सरकवायची. काळ्या दगडाच्या भिंतीसमोर उभं राहिलं की नेमकं उलटं होतं: कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड ओततो आणि बसाल्ट राखाडी होतो. तिथे खूण खाली. दगड काळा आणि धुकं पांढरं दिसलं पाहिजे, एवढं सांभाळलं तरी पावसाळ्यातले निम्मे फोटो वाचतात.

श्रावण शुद्ध षष्ठीला चोपडाईची यात्रा असते. ही यात्रा बाहेरच्या छायाचित्रकारांना फारशी ठाऊक नाही, कारण रंग नाही, मिरवणुकीचा थाट नाही, आणि पाऊस असतो. पण रांगेतली माणसं बघा. घोंगडी आणि इरली गेली, त्यांची जागा प्लास्टिकच्या कागदानं घेतली. निळ्या, पिवळ्या, खताच्या पोत्याच्या पांढऱ्या कागदाखाली दाटीवाटीनं उभी असलेली माणसं, मधूनच नारळ धरलेला एक हात बाहेर. ओल्या काळ्या दगडापुढे हे रंग असे उठून दिसतात की चैत्रातल्या गुलालाला जमणार नाही. गुलाल सगळ्यांना एका रंगाचं करतो, पाऊस ज्याचा त्याचा रंग ठेवतो.

उतारांवर तोवर तेरडा आलेला असतो. जांभळट गुलाबी पट्टे आधी ओहोळांच्या कडेनं दिसतात, मग माळभर पसरतात. त्यांच्यामागून कुर्डूचे तुरे येतात. पोहाळ्याच्या लेण्यांकडे जाणारी वाट या दिवसांत बघावी. डोंगराच्या पायथ्याशी असलेली ही लेणी यात्रेकरूंच्या वाटेवर नाहीत, त्यामुळे तिथे गर्दी नसते आणि खडकावरून उतरणारं पाणी निवांत बघता येतं. लांबून काढलेले फुलांच्या गालिच्यांचे फोटो या संग्रहात आहेत, पण ते मला तितकेसे पटले नाहीत. गालिचा कुठल्याही पठाराचा सारखाच दिसतो. तेरड्याच्या शेंगेला बोट लावल्यावर ती फुटून बी उडतं, तो क्षण एका मुलीनं टिपलाय. तो गालिच्याच्या सगळ्या फोटोंना भारी आहे.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै या दोन पुरांची चित्रंही इथे आहेत, थोडीच. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. दोन्ही वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेलं होतं. डोंगरावरून पूर सुंदर दिसतो, आणि अडचण तीच आहे. ढग फाटून ऊन पडलं की खालचं पाणी चांदीसारखं चमकतं. त्या चमकेखाली ऊस आहे, गोठे आहेत, घरं आहेत. संपादकांनी चमकणारं पाणी वगळून ढगाळ उजेडातली चित्रं घेतली आहेत. त्यांत पाणी मातकट आहे, रस्ते अर्ध्यात बुडालेले आहेत आणि विजेच्या खांबांची रांग पाण्यात चालत गेल्यासारखी दिसते. ही निवड बरोबर आहे.

नवरात्रावर मी फार लिहीत नाही. कमळपुष्पातल्या पूजांची चित्रं सुरेख आहेत, पण ती देवळाच्या आतली आहेत आणि आतला उजेड बारा महिने तोच असतो. बाहेर मात्र त्याच दिवसांत मोठी उलथापालथ चाललेली असते. गवत आठवड्याला रंग बदलतं: हिरवं, पोपटी, पिवळं, मग तांबूस. दुपारी ऑक्टोबरचा चटका, पहाटे पहिला गारवा. ज्यांनी घटस्थापनेला आणि दसऱ्याला, दोन्ही दिवशी एकाच जागेवर उभं राहून फोटो काढले, त्यांच्या जोड्या शेजारी शेजारी छापल्या आहेत. नऊ दिवसांत एवढं होतं यावर विश्वास बसत नाही.

आता हिवाळ्याकडे. खरं सांगायचं तर या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला मी तयार झालो तो मार्गशीर्ष-पौषातल्या पानांमुळे. थंडीतल्या पहाटे डोंगराच्या कडेवरून खाली पाहिलं की ऊस दिसतो, जिकडेतिकडे ऊस, आणि त्याला आलेले रुपेरी तुरे. शेतकऱ्याला तुरा आवडत नाही. तुरा आला म्हणजे उसाची वाढ थांबली. फोटो काढणाऱ्याला तो फार आवडतो, कारण कोवळं ऊन मागून आलं की सगळं रान पेटल्यासारखं दिसतं. या दोन आवडी-नावडींमधून एकाच फडाकडे पाहायला शिकणं, हेही या पुस्तकानं केलंय: एका पानावर तुऱ्यांवरचं ऊन, समोरच्या पानावर तोच फड तुटतोय आणि बांधावर तोडकऱ्यांची पालं पडलीत.

आणि गुऱ्हाळं. पूर्वीइतकी ती आता राहिली नाहीत, पण कासारीच्या आणि पंचगंगेच्या काठानं अजून चुलवाणं पेटतात. भल्या पहाटे चिपाडांचा जाळ होतो, काहिलीत रस कढायला लागतो आणि धुराड्यातून धूर निघतो. तो थोडा वर जातो आणि अचानक थांबतो. मग आडवा पसरतो, एका सरळ रेघेत, पट्टी लावून ओढल्यासारखा. रात्री गार झालेली जड हवा खोऱ्यात खाली उतरून बसलेली असते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असतो. धूर त्या थरापाशी अडतो, वरची हवा भांड्यावरच्या झाकणाचं काम करते. ऊन तापून जमीन गरम झाली की झाकण उघडतं आणि धूर पांगतो. म्हणजे हे सगळं सूर्योदयानंतर तासा-दीड तासाचं. या वेळात जोतिबाच्या दक्षिण कडेवर उभं राहिलं की खाली धुराचे आणि धुक्याचे थर एकावर एक दिसतात, त्यातून नारळाची झाडं, एखाद्या देवळाचा कळस, कारखान्याची चिमणी वर आलेली. वारा तुमच्याकडे वळला तर शिजत्या गुळाचा वास पार वरपर्यंत येतो. तो फोटोत येत नाही याचं मला वाईट वाटतं.

माघातले खेटे हे या डोंगराचं सगळ्यात कोल्हापुरी रूप. चैत्राला सगळा महाराष्ट्र येतो, कर्नाटकातूनही येतात. मानाची पहिली सासनकाठी साताऱ्याकडच्या निनाम पाडळीची, पुढची पाटणजवळच्या विहे गावची. खेटे मात्र मुख्यतः शहराचे आणि आसपासच्या गावांचे. माघाच्या रविवारी, पाच रविवार, अनवाणी चालत डोंगर गाठायचा. अंबाबाईनं जोतिबाची मनधरणी करायला असेच खेटे घातले, असं सांगतात. शनिवारी रात्रीपासून पंचगंगा घाटाकडून माणसं निघतात. वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाशी येईपर्यंत उजाडायला लागलेलं असतं. आजीबाई असतात, तालमीतली पोरं असतात, खांद्यावर झोपलेली लेकरं असतात. अंधारात त्यांचे चेहरे दिसत नाहीत, मोबाइलच्या विजेऱ्यांची हलती रांग दिसते, वळणावळणानं वर चढणारी. काहींनी कॅमेरा दगडावर टेकवून झडप बराच वेळ उघडी ठेवली आणि त्या विजेऱ्यांची एक लांब रेघ केली. दिसायला छान आहे. पण मला त्याच्या शेजारचं चित्र जास्त आवडलं: गायमुखापाशी, फटफटीत उजाडलेलं, एक गृहस्थ कठड्यावर बसून तळपायातला काटा काढतायत आणि त्यांच्यामागे पांगारा फुललाय.

पांगारा आणि पळस फुलायच्या सुमारासच वणवे सुरू होतात. उतारावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. जाळलं की पुढचं गवत जोमानं येतं ही जुनी समजूत, कधी विडीचं थोटूक, कधी नुसती खोडी. रात्री शहरातल्या गच्चीवरून डोंगरावर लाल माळ पेटलेली दिसते आणि समाजमाध्यमांवर तिचे फोटो फिरायला लागतात, ‘जोतिबाचा साज’ वगैरे ओळी लिहून. या साजात लावलेली रोपं जळतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळतात, आणि पुढच्या पावसात उघडी पडलेली माती ओहोळातून वाहून जाते. संग्रहात वणव्याचं एकही रात्रीचं चित्र नाही. दुसऱ्या दिवशीच्या काळ्या उताराची आहेत, आणि काळ्या उतारावर किडे टिपायला जमलेल्या बगळ्यांचं एक आहे.

मग चैत्र. थंडीत पेरलेला दवणा आता तोडणीला आलेला असतो, त्याच्या जुड्या वर येतात आणि गुलालाच्या धुरळ्यातही त्याचा वास वेगळा कळतो. पौर्णिमेला उन्हं कलली की पालखी यमाईच्या भेटीला निघते, तोफेची सलामी होते आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण सुरू होते. सगळे कॅमेरे पालखीवर रोखलेले असतात. या वेळी पश्चिमेकडे वळून पाहा, असं मी सुचवीन. मावळता सूर्य वर्षभर एका जागी नसतो. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये तो ठीक पश्चिमेच्या जवळजवळ पंचवीस अंश उत्तरेला सरकतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. पन्हाळा जोतिबाच्या पश्चिमेला आहे, किंचित उत्तरेकडे कललेला. त्यामुळे सूर्य पन्हाळ्याच्या पाठीमागे उतरतो तो वर्षातून दोनदाच: एकदा साधारण एप्रिलात आणि एकदा ऑगस्टच्या उत्तरार्धात. ऑगस्टात ढगांमुळे क्वचितच दिसतं. राहिला एप्रिल, म्हणजे बहुधा चैत्र पौर्णिमेच्या मागचापुढचा काळ. आणि पौर्णिमाच असल्यामुळे त्याच सुमारास पूर्वेला, हातकणंगल्याच्या बाजूनं, चंद्र वर येतो. एकीकडे पन्हाळ्यामागे सूर्य, दुसरीकडे चंद्र, मधे गुलालाचा ढग. हा योग गुलालानं डोळे भरलेल्या माणसांना दिसत नाही, पण तो दर चैत्राला जवळपास असतोच. या पुस्तकातलं शेवटचं जोडचित्र त्याचं आहे.

गुलालात काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगून टाकतो. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधा, भिंग बदलायला वर जाऊ नका. गुलाल आत गेला की वर्षभर निघत नाही. आणि गुलाबी रंग कॅमेऱ्याला झेपत नाही. तांबड्याचा जोर इतका होतो की चेहऱ्यांवरच्या रेषा, कपड्यांच्या चुण्या सगळ्या एका सपाट डागात बुडतात. उजेड थोडा कमी ठेवा, रंगाचा भडकपणा वाढवू नका, उलट उतरवा. जोतिबाचे बहुतेक फोटो बघवत नाहीत ते याच कारणानं: गुलाल मुळातच पुरेसा गुलाबी असतो, त्यावर आणखी कुणी ओततं.

एकाच जागेकडे वर्षभर पाहत राहण्याची सवय कोल्हापूरला नवी नाही. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परत आले आणि कोटितीर्थाच्या काठी राहिले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा, जवळची झाडं आणि पाणी, हेच त्यांनी जलरंगांत पुन्हा पुन्हा रंगवलं, वेगवेगळ्या प्रहरी, वेगवेगळ्या हवेत. १९३१ मध्ये ते गेले, पण दूर न जाता खोल बघण्याचा त्यांचा कित्ता पुढच्यांनी गिरवला. नट म्हणून सगळ्यांना माहीत असलेले चंद्रकांत मांढरेही मनानं निसर्गचित्रकारच होते. आणि कॅमेऱ्याचं म्हणाल तर बाबूराव पेंटरांनी चित्रपट काढण्यासाठी याच शहरात स्वतः कॅमेरा घडवला. १९२० चा ‘सैरंध्री’ त्या खटाटोपातून उभा राहिला. दूरचं उदाहरण द्यायचं तर जपानच्या होकुसाईचं. फुजी पर्वतही जोतिबासारखाच देवाचा डोंगर. १८३० नंतरच्या काही वर्षांत होकुसाईनं त्याच्या छत्तीस दृश्यांची मालिका केली, ती इतकी खपली की त्यात आणखी दहा घातली. नाव मात्र छत्तीसच राहिलं. त्यातल्या कितीतरी चित्रांत फुजी कोपऱ्यात बोटभर आहे आणि पुढे माणसं आपापलं काम करतायत: कुणी होडी वल्हवतंय, कुणी पिंप घडवतंय. या संग्रहातली जी चित्रं शहरातून, शिवाजी पुलावरून, शेताच्या बांधावरून काढली आहेत, ती पाहताना मला होकुसाईची आठवण झाली. तिथेही जोतिबा लहानसा, निळसर, पाठीमागे असतो, आणि पुढे म्हशी धुतल्या जात असतात.

त्रुटी आहेतच. वारणेकडचं उत्तर अंग जवळजवळ आलेलंच नाही. सगळे जण कोल्हापूरच्या बाजूनंच चढतात, त्याचा हा परिणाम. वरच्या गावात बारा महिने राहणारी माणसंही हवी तितकी नाहीत. गुरव, फुलं-दवणा विकणाऱ्या बायका, टंचाईत पाण्यासाठी वणवण करणारी घरं, यांचे ऋतू यात्रेकरूंच्या ऋतूंहून वेगळे आहेत. अंगात आलेल्या माणसांचे जवळून घेतलेले फोटो मात्र मुद्दाम वगळले आहेत, आणि ते मला मान्य आहे. ज्याला आपण टिपले जातोय याचं भानच नाही, त्याचा चेहरा छापायचा अधिकार कुणी दिला?

सगळ्यात उणी पानं ज्येष्ठाची आहेत. पहिल्या पावसानंतरचे ते दोन आठवडे, काळ्या उतारावर सुईसारखं गवत उगवतं तेव्हाचे, संग्रहात नावालाच आलेत. मी कारण विचारलं, तेव्हा डोंगराखालच्या एका शेतकऱ्यानं सरळच सांगितलं, “सर, तवा वापसा आलेला असतोय, पेरायचं सोडून फोटू कोण काढतंय?”